मी माझी सायकल देणार नाही

सायकलवरून हिंडायचं तर समुद्राकाठाने, असं माझ्या मेव्हण्याचं ठाम मत. तो रत्नागिरीचा. दापोलीपासून मालवणापर्यंतचे सागरी रस्ते त्याने पालथे घातलेले. जाताना उजव्या हाताला समुद्र आणि येताना डाव्या, एवढंच त्याचं भूगोलाचं ज्ञान, आणि तेवढ्यावर त्याचं आजवर भागलंही. अशा माणसाला झाशीला न्यायचं म्हणजे आमिष तगडं हवं. मी म्हटलं, "अरे, झाशीचे नेवाळकर तुमचेच. लांजा तालुक्यातल्या कोट गावचे." आपल्या जिल्ह्यातली माणसं परमुलखात जाऊन राज्य करून गेली हे कळल्यावर रत्नागिरीकराला चौकशीला जावंच लागतं. शिवाय कसं केलं, किती केलं आणि शेवटी हातात काय राहिलं, हेही विचारावं लागतं.

पुण्याहून झेलम एक्सप्रेस. सायकली पार्सलच्या डब्यात, आम्ही स्लीपरमध्ये. स्टेशनचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी. बाहेर डिसेंबरचं धुकं एवढं दाट, की पुढे समुद्र असता तरी दिसला नसता. मेव्हण्याने ते बोलून दाखवलं आणि पहिल्याच चहाच्या टपरीपाशी सायकल स्टँडवर लावली.

टपरीवाल्याने आमची हेल्मेटं पाहिली, सायकलींना लटकवलेल्या पिशव्या पाहिल्या, आणि मेव्हण्याची आत गादी शिवलेली तंग चड्डी बराच वेळ पाहिली. मग हळू आवाजात विचारलं, "काए भैया, गाड़ी नईंयां का?"

"आहे की. घरी आहे," मी माझ्या हिंदीत सांगितलं.

त्याचा चेहरा आणखी गंभीर झाला. गाडी नसलेला माणूस सायकलवर येतो, हे बुंदेलखंडाला नवीन नाही. पण गाडी असून दोन पुरुष एवढ्या लांबून सायकल घेऊन येतात, म्हणजे घरात काहीतरी बिनसलेलं असणार. त्याने चहात आलं जरा जास्त घातलं. पुढे सबंध प्रवासात ‘शर्यत लागलीय का’, ‘सरकार पैसे देतं का’ आणि ‘नवस बोललाय का’ हे तीन प्रश्न आम्हाला कोसाकोसावर भेटत राहिले. तिसऱ्याला हो म्हटलं की आदर वाढतो, हे मेव्हणा पहिल्या दुपारीच शिकला.

झाशीचं जुनं शहर सायकलसाठीच बांधलंय की काय असं वाटतं. मोटार अडते तिथे सायकल तिरकी करून निघता येतं. कोटाच्या दरवाज्यांत एक खंडेराव दरवाजाही आहे. त्याच्यापाशी मेव्हण्याने घरच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. किल्ला मात्र मूळचा ओरछ्याच्या राजा बीरसिंह देवांचा, 1613 सालचा. अठराव्या शतकात नारो शंकर मराठ्यांचे सुभेदार होऊन आले आणि त्यांनी तो वाढवला. बंगरा टेकडीवरचा चढ आम्ही हाशहुश करत चढलो. वर पहारेकऱ्याने सांगितलं, "साइकिल यहीं छोड़ दो."

मेव्हणा सरळ उभा राहिला. छाती पुढे काढली. माझ्या पोटात गोळा आला, कारण तो काय बोलणार हे मला तिकीट काढल्यापासून ठाऊक होतं.

"मैं अपनी साइकिल नहीं दूँगा!"

पहारेकरी हसला नाही. हा विनोद तो रोज ऐकत असावा. कुणी बॅग देत नाही, कुणी पाण्याची बाटली. त्याने बोटाने फक्त भिंत दाखवली. सायकल दिली. आत कडक बिजली तोफेपाशी मेव्हणा बराच वेळ गप्प होता. तिच्यावरच्या गोलंदाजाची, गुलाम गौस खानाची, कबरही किल्ल्यातच आहे. तिथे त्याने हेल्मेट काढलं. तो असा गप्प झाला की मला आवडतो.

खाली शहरात मराठी मंडळींचं गणेश मंदिर आहे. 1842 साली मनूचं झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न लागलं ते इथे, आणि ती लक्ष्मीबाई झाली. देवळात एक आजोबा भेटले. त्यांच्या मराठीतली क्रियापदं आपली, पण चाल बुंदेली. आम्ही पुण्याहून सायकली घेऊन आलोय म्हटल्यावर ते म्हणाले, "त्यात काय? आपले लोक तर इथवर पायी आले होते."

त्यावर बोलायला जागाच नव्हती. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये चार पैसे मिळतील म्हणून काकांबरोबर उत्तरेला निघाले. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा दांडगी मिळणार, अशी बातमी होती. दक्षिणेऐवजी वाटेत बंड मिळालं. झाशीला वेढा पडला तेव्हा भटजी आतच होते. जे काही गाठीला होतं ते लुटलं गेलं, आणि एवढं होऊनही हा गृहस्थ आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला परतला. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापून निघाला. मेव्हण्याने हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "भावोजी, म्हणजे त्यांना गिअर नव्हते?"

दुसऱ्या दिवशी ओरछा. अंतर सोळा-अठरा किलोमीटर, म्हणजे रत्नागिरीहून पावसला जाऊन आंबोळी खायची आणि यायचं, त्याच्या एका बाजूएवढं. पण निम्मा रस्ता खजुराहोचा हमरस्ता. हा सगळा ग्रॅनाइटचा मुलूख. खडी भरलेले ट्रक धुळीचा लोट सोडत शेजारून जातात, आणि हॉर्न वाजवतात ते इशारा म्हणून नव्हे, विचारपूस म्हणून. ओरछा तिगैला आला की उजवीकडे वळायचं. तिगैला म्हणजे आपला तिठा. तिथून पुढे ट्रक सुटतात, पळस लागतात, उत्तर प्रदेश संपून मध्य प्रदेश सुरू होतो आणि हवेत एकदम पाण्याचा गारवा येतो. या वळणासाठी मी हमरस्त्याचे दहा ट्रक पुन्हा सोसीन.

बेतवा दिसली तेव्हा मेव्हण्याने ब्रेक मारला. रुंद पात्र, मधे काळे-तांबूस खडक, त्यांच्यामधून वाट काढणारं हिरवं पाणी, आणि काठावर बुंदेला राजांच्या एकेक देवळाएवढ्या छत्र्या. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "खाडी म्हणून चालेल."

रत्नागिरीकराकडून नदीला मिळू शकणारी ही सर्वोच्च पदवी आहे. मी त्याला सांगितलं, की 1 एप्रिल 1858 ला आपले येवल्याचे तात्या टोपे वीसेक हजारांची फौज घेऊन हीच नदी ओलांडून झाशीच्या मदतीला आले, इंग्रज सेनापती ह्यू रोजने त्यांना हरवलं, आणि मागे हटताना त्यांनी पाठीमागचं रान पेटवलं. मेव्हण्याने नदीकडे पुन्हा, जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

पलीकडे अभयारण्य आहे, आणि तिथे जाणारा पूल ठेंगणा, अरुंद, बिनकठड्याचा. समोरून जीप आली की सायकलस्वाराने कडेला उभं राहून पोट आत घ्यायचं. जंगलातला रस्ता मात्र सायकलसाठी केलेला वाटावा असा. परत येऊन आम्ही छत्र्यांखाली आडवे झालो. वर शिखरांच्या कोनाड्यांत गिधाडांची घरटी आहेत. भारतातून जवळपास नाहीशी झालेली लांब चोचीची गिधाडं इथे अजून टिकून आहेत. त्यातलं एक मान वाकडी करून आमच्याकडे पाहत होतं. मेव्हणा घामाने निथळत, डोळे मिटून, हातपाय पसरून पडलेला. मी त्याला म्हटलं, "जरा हालचाल कर. गैरसमज होतोय."

संध्याकाळी रामराजाचं दर्शन. इथे राम देव नाही, राजा आहे. आरतीला पोलीस बंदूक घेऊन मानवंदना देतात. कथा अशी, की राणी गणेशकुंवरीने अयोध्येहून मूर्ती आणली, पण चतुर्भुज मंदिर पुरं झालेलं नव्हतं. म्हणून ती महालात ठेवली, आणि राम तिथून हललेच नाहीत. महालाचंच देऊळ झालं. दिवसा राम ओरछ्यात, झोपायला अयोध्येत, अशी इथली श्रद्धा आहे. रोजचं अप-डाउन, बदलापूरकराला हे लगेच कळेल. आत चामडं नेता येत नाही, म्हणून मी पट्टा काढून हातात धरला आणि दुसऱ्या हाताने पँट. मेव्हण्याला ती चिंता नव्हती, त्याची ती गादीची चड्डी इलॅस्टिकची होती. पोलीस काही बोलले नाहीत. रांगेतल्या एका आजीने मात्र त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मायेने विचारलं, "काए लला, पजामा भूल आए का?" राजाच्या दरबारात रत्नागिरीकर गमछा गुंडाळून उभा राहिला. गमछा आजींच्याच नातवाचा.

जेवताना त्याला नवा झटका आला. राणी 4 एप्रिलच्या रात्री झाशीतून निघाली ती काल्पीला पोचली, तर आपणही सायकलवरून काल्पी गाठू. अंतर दीडशे किलोमीटरच्या घरात. बॉकर नावाचा इंग्रज अधिकारी भांडेरपर्यंत तिच्या मागावर होता. मी विचारलं, "आणि तुझ्या मागावर कोण आहे?" तो म्हणाला, "बायकोचा फोन." यावर चर्चा होऊन बेत रद्द झाला.

तुम्ही जाणार असाल तर थंडीतच जा. मे महिन्यात झाशीचा पारा पंचेचाळीसवर चढतो, तेव्हा सायकल राहू द्या, सावलीसुद्धा परवडत नाही. पंक्चरचं सामान जवळ ठेवा, कारण बाभळी उदार आहेत. हमरस्ता धुकं उठल्यावरच पकडा. आणि रामराजाच्या दर्शनासाठी पिशवीत एक फुल पँट टाका, बिनपट्ट्याची आणि कमरेला बसणारी.