विसर्ग किती?

पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेला गृहस्थ वाचकांच्या परिचयाचा नसेल असे मी समजत नाही. प्रत्येक गृहसंस्थेत तो एक असतोच. गच्चीवरच्या टाकीचा फुगा त्याच्या अनुमतीवाचून बदलला जात नाही, आणि पावसाळ्यात वर्तमानपत्र हाती येताच अग्रलेख, निधनवार्ता आणि क्रिकेट ही सारी पाने ओलांडून तो धरणांच्या पाणीसाठ्याच्या चौकटीवर झडप घालतो. आमच्या इमारतीत ही जागा आबासाहेबांकडे आहे. त्यांच्या समवेत जर्मनीतल्या पासाउपासून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत डॅन्यूब नदीवरून आठवडाभर जलप्रवास करण्याचा योग माझ्या पत्रिकेत होता, हे एकाही ज्योतिष्याने मला वेळीच सांगितले नाही.

नदीवरची सफर आम्हा सर्वांनाच नवी होती. एकशे पस्तीस मीटर लांब, बुटकी, पुलांखालून जाताना सुकाणूची खोलीसुद्धा पोटात ओढून घेणारी ती बोट पाहून मंडळी हरखली, आबासाहेबांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, चिवड्याचा डबा कुठे ठेवायचा हा प्रश्न पाच मिनिटांत मार्गी लावला, आणि आबासाहेब कठड्यावरून वाकून पाण्याकडे बघत, आमच्या सहलीच्या व्यवस्थापकाला, चिंचवडच्या एका सालस तरुणाला, म्हणाले, "विसर्ग किती?"

"काका, रात्रीचं जेवण सात वाजता आहे," तो बिचारा म्हणाला.

हा प्रश्न त्या सप्ताहात मी किती वेळा ऐकला याची नोंद ठेवण्याचा उद्योग मी केला नाही, कारण मोजमाप पुस्तक आबासाहेबांकडे होते, माझ्याकडे नव्हे. पासाउला डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात. हातात लाल फलक घेतलेली वाटाडी बाई आमच्या कानांत खोचलेल्या यंत्रांतून मधुर इंग्रजीत नगरभवनाच्या भिंतीवरच्या पूररेषा दाखवीत होती. १५०१ सालची रेषा सर्वांत वर, आणि तिच्या खालोखाल २०१३ ची. आबासाहेबांनी विसर्ग विचारला. बाईने प्रामाणिकपणे सांगितले की सरासरीने पाहता इनचे पाणी डॅन्यूबपेक्षा अधिक असते. झाले! पाणी जिचे अधिक तिचे नाव पुढे का चालत नाही, लांबीच्या जोरावर डॅन्यूबने इनचा हक्क डावलला हा सेवाज्येष्ठतेच्या यादीतला उघड अन्याय नव्हे काय, आणि या प्रकरणी इनने वेळीच वर अर्ज कसा केला नाही, या विषयावर त्यांनी मला बोटीपर्यंत ऐकवले. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, तिथेही नाव कृष्णेचेच पुढे जाते, असे मी दबकत सुचवले. "तिथली फाइल वेगळी आहे," ते म्हणाले.

दुसरा धक्का नदीकाठच्या किलोमीटरच्या पाट्यांनी दिला. डॅन्यूबची मोजणी उगमाकडून होत नाही. काळ्या समुद्राकाठच्या सुलिना येथे शून्य धरून ती वर चढत येते, त्यामुळे पासाउला २२२६ असलेला आकडा व्हिएन्नाला १९२९ होतो आणि बुडापेस्टला १६४७. ज्याने उभ्या आयुष्यात कालव्याची साखळी शीर्षकामापासून मोजली त्या मनुष्यास ही उलटी साखळी म्हणजे धर्मभ्रष्टताच वाटावी यात नवल नाही. परंतु या नदीचा खरा उगम कोणता यावर डोनाउएशिंगन आणि फुर्टवांगन या दोन गावांचा जुना तंटा आहे असे कळताच त्यांचा चेहरा उजळला. "मग बरोबर आहे. हद्दीचा वाद असेल तर निर्विवाद टोकाकडूनच मोजावं. हुशार माणसं आहेत."

मेल्कच्या टेकडीवर बेनेडिक्टपंथी साधूंचा मठ १०८९ पासून नांदतो आहे. तेथील ग्रंथालयात शिरताना आमचे आवाज आपोआप खाली आले, पण आबासाहेबांनी खिडकी गाठली आणि खालच्या पाण्याकडे बोट दाखवून पाठ केलेला प्रश्न विचारला. ड्यूर्नस्टाइनच्या भग्न गढीत इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या हिवाळ्यात कैदेत होता, हे ऐकून मंडळी हळहळली. आबासाहेबांना, त्या हिवाळ्यात पाणी किती होते याची कुठे नोंद मिळेल काय, एवढीच जिज्ञासा होती. धक्क्यावर जागा अपुरी पडली की या बोटी एकमेकींना खेटून उभ्या राहतात, आणि ज्या खिडकीसाठी आपण जास्तीचे पैसे मोजलेले असतात तिच्यातून दुसऱ्या बोटीवरच्या टॉवेल गुंडाळलेल्या जर्मन गृहस्थाचे दर्शन घडते. लिंझला तसे घडले. मी पडदा ओढणार तोच शेजारच्या खोलीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि पाण्याकडे खूण करून पाची बोटे प्रश्नार्थक फिरवू लागला. त्या सभ्य जर्मनाने हात हलवून प्रत्युत्तर दिले, ते बहुधा नमस्कारादाखल.

मात्र एक प्रसंग असा आहे की तो सांगताना मला उपहास साधत नाही. बोटी खाली उतरवणाऱ्या इब्सच्या जलपाशाशी आमची बोट पहाटे, काळोख असताना पोचली. खिडकीबाहेर नदीऐवजी ओली, शेवाळलेली काँक्रीटची भिंत वर वर सरकताना दिसली, म्हणून मी घाबरून डेकवर गेलो, तो तिथे माकडटोपी आणि मफलर या गणवेशात आबासाहेब मनगटावरचे घड्याळ डोळ्यांशी धरून उभे होते. दोनशे तीस मीटर लांब, चोवीस मीटर रुंद अशी ती हौदी, त्यातून सुमारे अकरा मीटर पाणी उतरवायचे. पंप नाही, यंत्राचा गडगडाट नाही, खालची झडप उघडायची आणि पाण्याने आपल्याच वजनाने निघून जायचे. भिंतीतल्या खाचेत तरंगणारा खुंट बोटीबरोबर खाली येत होता, आणि त्याला गुंडाळलेला दोर सैल पडत नव्हता की ताणतही नव्हता. "सहा कोटी लिटर," आबासाहेब कुजबुजले, "पंधरा मिनिटांत. म्हणजे चोवीसशे क्युसेकच्या आसपास. आणि वहिनींच्या ताटलीतला चमचासुद्धा वाजला नाही, प्रोफेसर!" स्वतःच्या पत्नीला ते वहिनी म्हणाले, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. देवळात उभ्या असलेल्या माणसाच्या चुका काढू नयेत.

व्हिएन्नात सर्व मंडळी शोनब्रुनचा राजवाडा पाहण्यास गेली. मी आबासाहेबांच्या हाती सापडून भूमिगत रेल्वेने डॅन्यूब बेटावर गेलो. १९७२ ते १९८८ या काळात या शहराने पुरासाठी एकवीस किलोमीटर लांबीचा दुसरा प्रवाहच खणला, निघालेल्या मातीचे मधोमध बेट केले, आणि आता पूर नसेल तेव्हा लोक तिथे उघडेबंब पोहतात. तिथल्या बाकावर वहिनींनी दिलेल्या दशम्या खाताना, नदीचा सरासरी विसर्ग सेकंदाला एकोणीसशे घनमीटर आहे, म्हणजे ६७ हजार क्युसेक, हे सांगून झाल्यावर ते अवांतर बोलावे तसे बोलू लागले. भीमा खोऱ्यातल्या एका धरणावर ते उपअभियंता असताना पावसाळ्यात दर तासाला फोन येई: पूर नियंत्रण कक्षाचा, कलेक्टर कचेरीचा, मध्यरात्री तहसीलदाराचा. प्रत्येकाचा प्रश्न एकच. त्या आकड्यावर खालच्या गावांत दवंडी पिटली जायची, गुरे सोडली जायची. "आकडा चुकला की माणसं झोपेत जातात हो." सेवेत असेपर्यंत हा फोन थांबला नाही. "एकतीस मेला रिटायर झालो. सात जूनला पाऊस आला, आणि फोन वाजला तो बिलाच्या तगाद्याचा."

मी दशमी संपवली. त्यानंतर मी त्यांना विसर्ग विचारू दिला. अडवण्याचा माझा अधिकार संपला होता.

ब्रातिस्लाव्हानंतर गाबचिकोवोचा प्रचंड जलपाश लागला आणि पुढे व्हिशेग्राडच्या वळणावर, डाव्या तीरावर, नाजमारोश. १९७७ च्या करारान्वये चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरी यांनी या दोन्ही ठिकाणची धरणे मिळून बांधायची होती. नाजमारोशला नदीत बांध घालून कामास प्रारंभही झाला. मग बुडापेस्टच्या रस्त्यांवर माणसे उतरली आणि १९८९ मध्ये हंगेरीने काम थांबवले. स्लोव्हाकांनी आपल्या बाजूचे रेटून नेले, नदी वळवली, आणि खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९९७ साली न्यायालयाने दोघांनाही कराराचा भंग केल्याबद्दल दोषी ठरवले. आबासाहेब दुर्बीण लावून धरणाचे अवशेष शोधत होते. काठावर झाडे होती, सायकलवरून एक मुलगी जात होती.

"काम अर्धवट का टाकलं?"

"लोकांना नको होतं," हंगेरीची वाटाडी म्हणाली.

"लोकांना," आबासाहेबांनी दुर्बीण खाली घेतली, "विचारलं होतं?" नंतर माझ्याकडे वळून, "आम्ही चावडीवर नोटीस चिकटवत असू. पंचनामा करून. नियमाला धरून सगळं," असे ते म्हणाले. वाटाडीने अगत्याने पाण्याचा आकडा सांगितला; त्यांनी तो वहीत उतरवला नाही.

बुडापेस्टच्या संसदभवनाची रात्रीची रोषणाई आम्ही पाहिली. तिच्याविषयी कुणीही लिहील. निराळी गोष्ट कप्तानाची. स्वागताच्या मेजवानीत तो रुमानियन गृहस्थ फेसाळ मद्याचा पेला उंचावून शुभेच्छा देत असताना आबासाहेबांनी संत्र्याच्या रसाचा पेला उंचावून त्याला गाठले होते, आणि तो हसला नव्हता. बोट चालवणाऱ्याला विसर्गापेक्षा पाण्याची पातळी महत्त्वाची, असे म्हणून त्याने मोबाइलवर नदीकाठच्या मापस्तंभांचे आकडे दाखवले होते. पुढे रोज सकाळी न्याहारीआधी दोघे ते आकडे जोडीने वाचत. पाणी घटले तर प्रवाशांना बसमध्ये घालून दुसऱ्या बोटीवर न्यावे लागते, आणि तशी पाळी येऊ नये म्हणून हा मनुष्य किती बारीक हिशेब ठेवतो, हे आबासाहेब आम्हाला अभिमानाने सांगत, जणू तो त्यांच्याच उपविभागातला कनिष्ठ अभियंता होता.

परत आल्यापासून आमच्या गृहसंस्थेच्या व्हॉट्सॲप समूहात सुप्रभाताच्या गुलाबांशेजारी बुडापेस्टची पातळी येऊ लागली, आणि चिटणिसांनी त्याविरुद्ध दोनदा लेखी हरकत घेतली. गेल्या आषाढात खडकवासल्याचे दरवाजे उघडल्याची बातमी कुठून तरी त्या कप्तानाच्या वाचनात आली असावी. रात्री अकराला त्याचा निरोप आला: तुमच्याकडे विसर्ग किती? आबासाहेब तेव्हापासून त्याला दर तासाचा तक्ता धाडतात, पाऊस असो वा नसो. मसुदा इंग्रजीत असतो, तो तपासण्याचे काम बिनपगारी माझ्याकडे आले आहे, आणि माझी खूण पडल्याखेरीज ते तो पाठवत नाहीत, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात.