हरणाचं मुंडकं आणि मामाकडून

स्कॉटलंडातला जुना चांदीचा चमचा पालथा करून वाचावा लागतो. एके काळी तिकडं टेबलावर चमचे पालथेच मांडत, त्यामुळं घराण्याचं चिन्ह दांड्याच्या पाठीवर. शेजारी टिकलीएवढे शिक्के. किल्ला दिसला की चांदी एडिंबऱ्यात तपासलेली, १७५९ पासून काटेरी थिसलचं फूल, वर्षाचं एक अक्षर, सोनाराची आद्याक्षरं. कुठं, केव्हा, कुणी, सगळं कळतं. मालक कोण ते मात्र गुलदस्त्यात. तिथं नुसतं जनावर.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त एडिंबऱ्यात असतो. जुन्या बाजारातून त्यानं असला एक चमचा उचलला आणि दिवाळीत गावी, सिरसाळ्याला आणला. चमच्यावर हरणाचं मुंडकं. आता हरीण गॉर्डन घराण्याचंही आणि लोव्हॅटच्या फ्रेझरांचंही. मुकुटातून वर येऊन समोर बघत असेल तर गॉर्डन, मान फाटक्या कडेची असेल तर फ्रेझर. चमचा दीडशे-दोनशे वर्षं घासलेला. मान फाटकी की झिजलेली, यावर फराळाचं ताट तसंच राहिलं.

तिकडं याचा न्यायनिवाडा करायला लॉर्ड लायन नावाचा अधिकारी आहे. १६७२ पासूनची नोंदवही आणि स्वतःचं कोर्टसुद्धा. चिन्ह एका माणसाचं. बाकी भावकीनं ते पट्टा-बक्कलच्या वर्तुळात घालूनच मिरवायचं. उगीच कुणी स्वतःचं म्हणून वापरलं तर खटला. आमच्या घरच्या आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं करण्यापरीस सरळ नाव का टाकलं न्हाई?"

तशी चिन्हं आपल्याकडंही आहेत. कुणाचं देवक पंचपल्लव, कुणाचा कळंब. पण ते मांडवात बसवायचं, वरणात बुडवायचं नाही. भांड्यावर नाव. पातेल्याच्या काठाला नवरीचं नाव, देणाऱ्याचं नातं, गाव आणि तारीख बारीक ठिपक्यांनी टोचलेली. भांडं तोललं की दुकानदाराचा पुढचा प्रश्न ठरलेला, "नाव काय टाकू?" जागा पुरली नाही तर 'सप्रेम भेट'चं 'स. भे.' होतं, 'मामाकडून' मात्र अख्खं येतं. मामा समोर पाकीट काढून उभा असतो ना!

खरा इतिहास खोडलेल्या नावांत. आमच्याकडं एक स्टीलचा डबा आहे. त्यावरचं नाव किसून घालवलंय आणि खाली दुसऱ्याच लग्नाची तारीख. उन्हात तिरका धरला की किसलेलं नाव उमटतं : चुलतसासूबाईंचे सख्खे बंधू. कुणी कुणाचा आहेर कुणाच्या गळ्यात मारला आणि कुठल्या उन्हाळ्यापासून दोन घरांतलं बोलणं बंद आहे, याचा एवढा पक्का पुरावा लॉर्ड लायनकडंही नसेल.

२०२३ साली मराठवाड्यात निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली. न्यायमूर्ती शिंदे समिती दप्तरं चाळत होती, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आत्याबाईंनी माळ्यावरची पितळी घागर खाली काढायला लावली. चिंचेनं घासल्यावर पणजेसासऱ्यांचं नाव निघालं, गाव निघालं. जात तेवढी नव्हती. अक्षरामागं पैसे पडत असणार, म्हाताऱ्यानं वाचवले.

आत्याबाईंना राहून राहून एकच घोर. एवढी चांदीची वस्तू, वर नाव नाही, उद्या कुणाच्या घरी खिरीत गेली तर मागायची कशी? हरीण दाखवून? मी आणि पुतण्या चमचा घेऊन नाव टाकायला परळीला भांड्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं तो उलटा-सुलटा केला.

"ह्ये जनावर खोडू का ऱ्हाऊ देऊ?"

"राहू द्या."

"बरं. कुणाकडून टाकू?"

पुतण्या माझ्याकडं बघायला लागला. इतके दिवस नेमकं तेच तर शोधत होता. मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं, मशीन घर्रघर्र सुरू.

"टाका, मामाकडून," मी म्हटलं.