तारांकित रकाना

समाजकार्याच्या पदवीधरांना परवानाधारक व्यवसायात सुलभतेने पदार्पण करता यावे, या उदात्त हेतूने एका कचेरीने समुपदेशकाच्या कंत्राटी जागेसाठी काढलेल्या ऑनलाइन अर्जात ‘व्यावसायिक परवाना क्रमांक’ असा एक रकाना निर्माण केला असून त्याच्या मस्तकी लाल तारांकन चढवले आहे. सबब तो भरल्यावाचून अर्ज पुढे सरकत नाही. समाजकार्याच्या सर्वसाधारण पदवीधरास असा परवाना देणारे दप्तर या देशात नाही, ही गोष्ट खरी. परंतु एवढ्या क्षुल्लक कारणावरून रकाना मागे घेणे प्रशासनाच्या इभ्रतीला शोभले नसते.

परिचारिकांसाठी १९४७ साली कायदा झाला, औषधनिर्मात्यांसाठी १९४८ साली, वकिलांसाठी १९६१ साली, वास्तुविशारदांसाठी १९७२ साली. रुग्णालयांतील समाजकार्यकर्त्यांचे स्मरण २०२१ सालच्या एका कायद्याच्या परिशिष्टात कोणास तरी झाले. बाकीचे बहुतेक बेवारस.

आमच्या शेजारच्या कन्येने, पदवीची तीन आणि पदव्युत्तर दोन अशी पाच वर्षे वस्त्यावस्त्यांतून पायपीट करून क्षेत्रकार्याच्या वह्या भरल्यावर, या रकान्यात प्रथम ‘लागू नाही’ असे लिहिले, मग शून्य, मग सारी शून्ये. यंत्राने प्रत्येक वेळी ‘वैध क्रमांक भरा’ असे बजावले. अखेरीस तिच्या वडिलांनी कपाटातून त्या कुटुंबातील एकमेव परवाना बाहेर काढला, जो महापालिकेने त्यांच्या मोती नामक कुत्र्यास रेबीजची लस टोचल्याचा दाखला पाहून रीतसर दिलेला होता, आणि कन्येने संतापाच्या भरात त्यावरचा क्रमांक रकान्यात उतरवताच हिरवी खूण उमटली, अर्ज दाखल झाला, मुलाखतीचे बोलावणे आले, आणि छाननी समितीने कागदपत्रे समाधानकारक असल्याचा शेराही मारला. मोतीची शैक्षणिक अर्हता कोणी विचारली नाही.

चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर काळा चष्मा चढवणाऱ्या कोणत्याही इसमास समाजसेवक होता येते. तिथे रकाना नसतो, तारांकन नसते. आणि जिच्या सामाजिक तपासणी अहवालाच्या आधारे एखाद्या अनाथ पोराने कोणत्या छपराखाली वाढावे हे ठरते, तिला अकरा महिन्यांचे कंत्राट आणि तुटपुंजे मानधन, तेही ‘अनुदान आले नाही’ या सबबीखाली तीन-तीन महिने तुंबलेले! परवाना मागायचा असेल तर आधी तो देणारी खुर्ची मांडा. आणि तेवढेही जमत नसेल, तर निदान या मुलींकडे नसलेले कागद मागण्याचा निर्लज्जपणा थांबवा.

तूर्त शेजारची कन्या रुजू झाली आहे. मोतीच्या परवान्याची मुदत संपेल तेव्हा लशीचा दाखला जोडून शुल्क भरले की तो नूतनीकृत होईल. तिच्या कंत्राटाच्या नूतनीकरणाची नस्ती वरिष्ठांकडे विचाराधीन आहे.