पोटाचा चौथा भाग

वजन घटवण्याच्या नैसर्गिक उपायांचे शास्त्र, ते प्राचीन असो की अर्वाचीन, तीन गृहीतकांवर उभे असते : जेवणारा एकटा असतो, त्याचे पोट त्याच्याच मालकीचे असते आणि किती खायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्याचाच असतो. गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत यांपैकी एकही गृहीतक टिकत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेखाली गेलेले हे तालुके नव्या काबिजादीत मोडतात आणि त्यांतही पेडण्याचे स्वयंपाकघर सावंतवाडीला जितके जवळचे आहे तितके पणजीला नाही; पण दोन्हीकडे माणसाच्या खाण्याचा विचार करताना शेजारघर, देवस्थान आणि पोदेर, म्हणजे भोंगा वाजवत सायकलवरून पाव विकायला येणारा पाववाला, या सर्वांना हिशेबात धरावे लागते.

वाग्भटाने अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पून असे सांगितले आहे, की दोन भाग अन्नाने भरावेत, एक द्रवाने भरावा आणि चौथा वायूच्या संचारासाठी मोकळा सोडावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या १७ आहारसूत्रांबरोबर पोटाऐवजी ताटाचे वाटप सुचवले असून त्याचा अर्धा भाग भाज्या आणि फळांना दिला आहे. दोन्ही योजना निर्दोष आहेत. मात्र द्रवाच्या भागात सोलकढी मोडते की नाही, हा प्रश्न दोन्हींत अनुत्तरित राहतो, कारण आमसुलाच्या पाण्यात नारळाचे घट्ट दूध मिसळल्यावर त्या पेयाला केवळ द्रव म्हणणे धाडसाचे ठरते. चौथ्या भागाची गोष्ट आणखी नाजूक आहे. या तालुक्यांत तो मोकळा असतो हे खरे, परंतु तो वायूसाठी नसून पुढच्या घरच्या आग्रहासाठी राखून ठेवलेला असतो, आणि राखीव जागा रिकामी जाऊ देण्याची रीत तेथे नाही.

पूर्वीची माणसे सडपातळ होती आणि ती संयमी होती, असा एक समज रूढ आहे. यांतला पहिला भाग बराचसा खरा असून दुसऱ्याला पुरावा नाही. संयम माणसांत नव्हता, तो साधनांत होता. याचे उत्तम उदाहरण म्हणजे पेज. उकडा तांदूळ, म्हणजे भात टरफलासकट उकडून, वाळवून मग सडलेला तांदूळ, भरपूर पाण्यात मऊ शिजवला आणि ते पाणी न काढता तसेच वाढले की पेज होते. उकडताना कोंड्यातील ब वर्गाची काही जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात, आणि बेताने सडलेल्या दाण्यावर कोंड्याचा तांबूस पापुद्रा राहिल्याने तंतुमय भागही टिकतो. शिवाय पेजेची ऊर्जाघनता, म्हणजे पदार्थाच्या वजनाच्या मानाने त्यात असलेली ऊर्जा, पाण्यामुळे अत्यल्प असते. वाडगा भरलेला दिसतो, पोट भरलेले वाटते आणि प्रत्यक्षात तळाशी मूठभर शिते असतात. सोबतीला मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरीची तोर किंवा विस्तवावर भाजलेला सुका बांगडा असे, आणि तो इतका खारट असे की दोन घोटांमागे एक कण पुरे. वजनासाठी हे उत्तम आणि रक्तदाबासाठी नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

पेजेतील खरे शास्त्र मात्र वाडग्यात नसून चमच्यात होते. फणसाचे पान दुमडून, हीराने टोचून केलेल्या चमच्यात एका वेळी जेमतेम घोटभर पेज मावते. त्यातलीही काही तोंडापर्यंत पोचण्यापूर्वी वाडग्यात परतते, आणि उरलेली पिण्याइतकी गार होईपर्यंत फुंकर घालत बसावे लागते. पोट भरल्याचा संदेश मेंदूपर्यंत पोचण्यास सुमारे २० मिनिटे लागतात, म्हणून सावकाश जेवावे, असे आजचे आहारतज्ज्ञ सांगतात आणि त्यासाठी प्रत्येक घास अमुक वेळा चावावा अशी सूचना करतात, जी दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही. गळक्या पानाने ही २० मिनिटे कोणताही उपदेश न करता वसूल केली. स्टीलचा चमचा आला तेव्हा जेवणाची गती वाढली, याची नोंद कोणत्याही आरोग्य खात्याने घेतलेली नाही.

पेजेची वेळ सकाळी दहा-साडेदहाची असे, आणि तिच्या आधी पहाटेपासूनचे शेतातले काम असे. पुढे डिचोलीत खनिजाचा धंदा वाढला आणि नांगरामागून चालणारे पाय ट्रकच्या क्लचवर गेले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालून २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, परंतु पाय काही नांगरामागे परतले नाहीत. आश्चर्याची गोष्ट अशी, की काम गेले तरी दहाची वेळ गेली नाही. कचेरीत, दुकानात, बँकेत बरोबर त्याच सुमारास माणसे उठतात आणि पेजेच्या जागी पातळ भाजी, दोन पाव आणि एक मिरची भजी घेतात. सायंकाळी पोदेराचा भोंगा वाजला की हाच विधी चहाबरोबर लहान प्रमाणावर होतो. पोदेराकडच्या पोळीला कोंडा असतो म्हणून ती पावापेक्षा बरी, हे खरे आहे. पण कोंड्याच्या भरवशावर चार खाल्ल्या जातात.

चालण्याने हे सर्व जिरते असे मानणारा एक पंथ मये तळ्याच्या परिसरात पहाटे आढळतो. साधारण ६५ किलो वजनाच्या माणसाने एक किलोमीटर चालल्यास सुमारे ६० किलोकॅलरी, म्हणजे ऊर्जेची तेवढी एकके, खर्च होतात, आणि तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० असतात. अर्थात दोन किलोमीटरांनी एक चमचा तेल फिटते. फेरीचा शेवट हॉटेलात होत असल्यास भजीने प्यालेले तेल फेडण्यासाठी त्याच वाटेने पुन्हा तळ्याकडे जावे लागेल, आणि तेवढी तयारी अद्याप कोणी दाखवलेली नाही.

ऋतूंनीही पूर्वी बरेच काम अंगावर घेतले होते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि नेमक्या त्याच दिवसांत टाकळा, फागला, अळू, शेवग्याचा पाला या पावसाळी भाज्या फुकट किंवा फुकटासारख्या मिळतात. ताट आपोआप हिरवे होते. आता बर्फातली मासळी परराज्यांतून येते आणि टाकळा उपटायला कोणी वाकत नाही, ज्यामुळे एक भाजी आणि एक व्यायाम असे दोन्ही बुडाले. शिवराक, म्हणजे मासळी वर्ज्य असलेले जेवण, सोमवारी किंवा गुरुवारी पाळण्याची चाल टिकून आहे, पण तिचा वजनाशी संबंध जोडता येत नाही, कारण गैरहजर बांगड्याची उणीव भासू नये म्हणून भजी, पापड आणि काहीतरी गोड अशी तीन माणसे बदली पाठवली जातात. उलट मासळीच्या दिवशी हुमण, म्हणजे नारळ वाटून केलेली आंबट-तिखट कढी, आणि भात यांचा हिशेब कधीच एकदम मिटत नाही. हुमण उरले म्हणून भात घेतला जातो, भात उरला म्हणून हुमण, आणि दोन्ही एकाच वेळी संपणे हा योगायोग फार उशिरा जुळतो.

हरमल-मांद्रेच्या किनाऱ्यावर वजनाबाबत जागरूक पाहुण्यांसाठी फळांचे आणि बियांचे वाडगे सजवून दिले जातात. ते सजवणारी स्थानिक मुले सकाळभर पपईच्या पातळ फोडी करतात आणि सुट्टी होताच पाव-भाजीच्या गाड्याकडे वळतात.

वजन मोजण्याच्या पद्धतीबाबतही एकवाक्यता नाही. देहभारांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, भारतीयांच्या बाबतीत २३ च्या पुढे गेला की वजन जास्त समजतात. गावातली पद्धत याहून सोपी आहे : बाजारात भेटलेला माणूस मागच्या वेळेपेक्षा बारीक दिसला तर त्याला काय झाले, कोणता डॉक्टर आणि रिपोर्ट काय आले, असे विचारले जाते. तीन महिने पेजेवर राहून चार किलो घटवणाऱ्याला असे दहा जण भेटले, की अकराव्याला भेटण्यापूर्वी तो घरी जाऊन नीट जेवतो.

या सर्वांची कसोटी चतुर्थीला लागते. घुमट, म्हणजे तोंडाला चामडे ताणून बांधलेले मातीचे वाद्य, घेऊन आरतीचा मेळ रात्री वाड्यावरच्या घराघरांत जातो आणि प्रत्येक घरी नेवरी, म्हणजे करंजी, पुढे येते. बारा घरांच्या वाड्यावर कोणी कोणाला जास्त खायला लावत नाही. प्रत्येक घर केवळ एकच नेवरी देते आणि ‘मातशें घे रे’, म्हणजे थोडेसे घे रे, एवढेच म्हणते. घुमट वाजवताना ऊर्जा खर्च होते, हा वादकांचा बचाव तत्त्वतः मान्य करता येईल, पण मेळात टाळ्या वाजवणाऱ्यांची संख्या नेहमीच जास्त असते. नकाराची कारणेही तेथे एकेक करून निकालात निघतात : पोट भरले आहे, हे सौजन्य समजले जाते, वजन कमी करायचे आहे, हा विनोद समजला जातो, आणि नुसतेच नको म्हटले तर मागच्या वर्षीचे बांधाचे भांडण अजून मनात आहे असे ठरते. अपवाद एकट्या मधुमेहाचा. तो शब्द उच्चारताच नेवऱ्यांचे ताट मुकाट्याने मागे घेतले जाते, घरात आणखी कोणाकोणाला तो आहे याची सविस्तर माहिती मिळते, आणि गोड चालत नसेल तर तिखटाला हरकत नसावी अशा निष्कर्षाला येऊन यजमानीणबाई आतून शेव-चिवड्याची बशी आणतात, जी आधीच्या ताटातल्या एका नेवरीपेक्षा बरीच भरलेली असते.