देवासाठी चालतं

श्रावण लागला की आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचा खप वाढतो. दुकानदार फक्त "किती दिवसांच्या?" विचारतो आणि कागदात गुंडाळून देतो. नॉरएथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, तारखेच्या तीन दिवस आधीपासून. गौरी जेवल्या, विसर्जन झालं, गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी हजर. मंगळागौर, वास्तुशांत, लेकीचं लग्न, कशाहीसाठी ही गोळी घ्या, घरात कुणी हूं की चूं करत नाही. उलट सासूबाईच कालनिर्णयावर बोट ठेवून आठवण करतात.

पण तीच पाळी कायमची थांबवावी म्हणते, असं मी बोलले मात्र, घरादाराला निसर्गाचा पुळका आला.

वास्तविक माझं कारण साधं होतं. चाळिशी उलटलेली, मुलं झालेली, दर महिन्याला रक्त इतकं जायचं की हिमोग्लोबिन वर यायचं नाव घेईना. सोनोग्राफीत काही वावगं निघालं नाही. "अगं, पण मग साठलेलं रक्त जातं कुठे?" सासूबाईंनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनाही मी हेच विचारलं होतं. साठतच नाही. औषधाने गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं, मग गळायला शिल्लक काय राहणार?

आणि निसर्गाचंच म्हणाल, तर आमच्या पणजीबाई सदा एक तर गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या. त्यांना पाळी यायला सवड कधी मिळाली असेल? वर्षातून बारा-तेरा वेळा, तीसपस्तीस वर्षं बिनचूक, ही चैन आमच्या पिढ्यांची.

डॉक्टरीणबाईंनी मग एकेक उपाय मांडला. गर्भनिरोधक गोळ्या सलग घेतल्या तरी पाळी थांबते. मुळात 21 दिवस गोळी आणि सात दिवस सुट्टी, त्या सुट्टीत जे येतं ती खरी पाळीच नव्हे. 1960 साली अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली. ती घडवणाऱ्या पिंकस आणि रॉक या जोडीला वाटलं, दर महिन्याला रक्त दिसलं की बायकांच्या जिवाला बरं वाटेल. 2019 साली ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी स्पष्ट लिहिलं, त्या सुट्टीचा तब्येतीला काही फायदा नाही. म्हणजे इतकी वर्षं बायका कंबर धरून बसल्या त्या निव्वळ रीतभात म्हणून! पण माझं ब्लडप्रेशर आणि डोळ्यांपुढे काजवे चमकवत येणारी अर्धशिशी, त्यामुळे या गोळ्या बाद.

दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात "अंतरा" नावाने फुकट मिळतं. वर्षभरात निम्म्याजणींची पाळी बंद होते. पण सुरुवातीला डाग लागत राहतात आणि हाडांकडे लक्ष ठेवावं लागतं. "मग तांबी बसव की," जाऊबाई म्हणाल्या. तांबीने रक्तस्राव वाढतो, हे त्यांना सांगेस्तोवर चहा निवला. हार्मोनवाली मिरेना वेगळी. ती गर्भाशयातच थोडंथोडं औषध सोडते, पाच ते आठ वर्षं चालते. वर्षभरात पाचातल्या एकीची पाळी पूर्ण थांबते, बाकीच्यांपैकी बहुतेकींची बरीच कमी होते.

मामेसासूबाईंचा तोडगा सर्वांत झटपट: "पिशवीच काढून टाक, कटकट मिटली." हे वाक्य आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं. बीडच्या ऊसतोड बायकांनाही ते कुणीतरी असंच सहज सांगितलं असणार. 2019 साली सरकारी समितीने तिथे पाहणी केली, तेव्हा सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून अधिकजणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला की मुकादम दंड लावतो, फडावर ना आडोसा ना पाणी. त्यांच्यापुढे कुणी चार उपाय मांडले नाहीत. मी मात्र पंख्याखाली बसून तक्ते वाचत होते, याची लाज वाटली, आणि चीडही आली.

घरात चर्चा चालूच राहिली. यजमानांना कॅन्सरची धास्ती. मिरेनाने अस्तराच्या कॅन्सरचा धोका उलट घटतो, हे ऐकूनही त्यांचा चेहरा उजळला नाही. गौरीसाठी कधी परवानगी लागली नव्हती. नुसतं माझ्यासाठी म्हटलं तर ठराव मांडून, अनुमोदन मिळवून घ्यावा लागत होता. शेवटी मी ठराव परस्पर मंजूर केला.

मिरेना ठरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी सुरू झाली की पहिल्या सात दिवसांत या. तेव्हापासून वाट बघतेय, आणि नेमकी या खेपेला बाईसाहेबांनी तारीख चुकवलीये.