कॅप्टनचं लोडिंग

शनिवारी पहाटे निघायचं असेल तर बाकीचे लोक शुक्रवारी रात्री गाडी भरतात. कॅप्टनची गाडी बुधवारपासून भरायला लागते.

त्याला आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे, बँकेत खुर्ची आहे, सोसायटीत बी विंगचं खजिनदारपद आहे. पण रायडिंग ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्याला ‘रोड कॅप्टन’ म्हणतात, आणि सगळ्यांच्या मागून येत पंक्चर झालेल्यांना, चुकलेल्यांना आणि वाटेत पडलेल्या हातमोज्यांना गोळा करणाऱ्याला ‘स्वीप’. याला एकदा पुढे चालायला मिळालं आणि तेव्हापासून तो घरातही कॅप्टनच आहे. स्वीपचं खातं वहिनींकडे.

पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही पार्किंगमध्ये डोकावा, असा एक तरी सापडेल. वय चाळिशी ओलांडलेलं, गृहकर्ज उताराला लागलेलं, मुलं दोन दिवस आजीकडे राहण्याइतकी मोठी. गाडी साडेतीनशे सीसीची. टाकीवर खारदुंगलाचा स्टिकर, त्यावर १८,३८० फूट. हा आकडा तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं रंगवलेला होता; मोजणारे म्हणतात खिंड १७,५८२ फुटांवर आहे. आठशे फुटांचा हा फरक कॅप्टनला सांगायचा नाही, असं पार्किंगमध्ये सर्वानुमते ठरलेलं आहे.

बुधवारी रात्री कागद निघतो. गाडीच्या पुस्तिकेत एक आकडा छापलेला असतो आणि तो सहसा कोणी वाचत नाही: चालक, मागे बसणारा, सामान आणि नंतर हौसेनं लावलेलं सगळं लोखंड मिळून ही गाडी किती वजन घेईल. कॅप्टनच्या गाडीचा हा आकडा १८० किलो. त्यातून कॅप्टन ८८ आणि वहिनी ६१ वजा. उरले ३१. दोन हेल्मेटं, पॅड लावलेली दोन जाकिटं, पँट्स आणि बूट यांचे १४ गेले. दोन्ही बाजूंना बॅगा लटकवण्यासाठी बसवलेलं ‘लडाख कॅरिअर’ ६ किलोचं. उरले ११. हत्यारं, जादा ट्यूब, पायपंप, क्लच केबल मिळून ४. पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन भरलेला असला की आणखी ४.

“तुला तीन किलो आहेत,” कॅप्टन वहिनींना सांगतो. “चार्जर आणि औषधं धरून.”

यातला पेट्रोलचा कॅन हा लडाखचा वारसा. मनालीहून लेहला जाताना तांडीला पाटी आहे की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिथे कॅन नेला नाही तर माणूस वेडा. पुण्याहून दापोलीला जाताना पिरंगुटला पंप आहे, घाट उतरलात की माणगावला आहे, मधे शंभर किलोमीटरही नाहीत. तरी कॅन येतोच. आणि दुसरी गोष्ट त्या ८८ ची. हा आकडा २०१९ च्या वैद्यकीय तपासणीतला. त्यानंतर किती दिवाळ्या झाल्या, पण कॅप्टनच्या लेखी तो पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच कायमचा.

गुरुवारी बॅगा खाली येतात आणि पार्किंगमध्ये वर्ग भरतो. इथे मात्र मान्य करायला हवं की माणूस जे बोलतो त्यातलं बहुतेक सगळं खरं असतं. जड खाली, जड पुढे. हलकं वर, हलकं मागे. हत्यारं आणि पाण्याच्या बाटल्या बाजूच्या बॅगांत तळाला, शक्य तितक्या चालकाच्या जवळ. कपडे आणि पांघरुणं मागे वरच्या बॅगेत. मागच्या आसाच्या पलीकडे गेलेला प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतो. ते काही हवेत उचललं जात नाही, पण सत्तर-ऐंशीच्या वेगाला हँडल हातात थरथरायला लागतं आणि वळणावर गाडी बाहेर बाहेर जायला बघते. डावी-उजवी बॅग सारख्याच वजनाची हवी. त्यासाठी त्याच्याकडे विमानप्रवासाचं सामान तोलायचा हातकाटा आहे. बॅग काट्याला लावून तो दोन्ही हातांनी उचलतो, मान लाल होते, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखलेला. उजवी बॅग दोनशे ग्रॅमनं जास्त भरली की वहिनींच्या खोबरेल तेलाची बाटली डावीकडे जाते. त्याचा स्वतःचा ट्रायपॉड कुठेही जात नाही. तो ‘इक्विपमेंट’मध्ये मोडतो.

या वर्गाला आमचा गवळीही असतो. तो सायकल सोडून मोटरसायकलवर आला त्याला बरीच वर्षं झाली. त्याचे कॅन मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, खाली. एका घरी डावीकडचं माप घातलं की पुढच्या घरी उजवीकडचं. त्याने पुस्तिका उघडलेली नाही, काटा पाहिलेला नाही. कॅप्टनचा वर्ग तो दुधाचं माप हातात धरून ऐकतो आणि म्हणतो, “बरोबर हाय सायेब.” कॅप्टनला हा दाखला म्हणजे आयआयटीचा शिक्का वाटतो.

बांधाबांध हा शुक्रवारचा विषय. हुकाच्या लवचीक दोऱ्या, ज्यांना सगळे बंजी म्हणतात, त्या कॅप्टनला चालत नाहीत. ताणलेला हुक सुटला तर सरळ डोळ्यात येतो, आणि दोरी लवचीक असल्यामुळे खड्ड्यागणिक सामान नाचतं. त्याला पट्टे लागतात, बकल लावून आवळायचे. पट्ट्याचं उरलेलं टोक तो गुंडाळून आत खोचतो, कारण ते लोंबत राहिलं तर साखळीत किंवा चाकात जातं आणि मग चाक जागच्या जागी बसतं. उजवीकडची बॅग सायलेन्सरपासून चार बोटं लांब. हे शहाणपण त्याला एका रेनकोटानं दिलं. वरंध घाटात तो रेनकोट वितळून सायलेन्सरला असा चिकटला की त्याचा वास पुढे भोरपर्यंत येत होता.

एवढ्या सावध माणसानं गाडी घरी आणल्या आठवड्यातच साडीगार्ड काढून टाकलं आहे. “लूक जातो,” असं कारण. आता मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक किमान अर्धं झाकणारं संरक्षण हवं. ओढणीचं किंवा पदराचं टोक चाकात गेलं की काय होतं, ते हाडांच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. कॅप्टननं साडीगार्डाच्या जागी लडाख कॅरिअर लावलं, पकडीच्या जागी वरची बॅग आवळली आणि वहिनींना सांगितलं, “तू पंजाबी ड्रेससुद्धा घालायचा नाहीस.” नियम १२३ चं पालन असं वहिनींच्या कपाटातून झालं.

मग शॉकअप. गाडीच्या हत्यारांत चंद्रकोरीसारखा एक पाना असतो, बहुतेकांना तो कशासाठी दिला हे गाडी विकेपर्यंत कळत नाही. त्यानं मागच्या स्प्रिंगखालची कडी फिरवून ती एकेक खाच घट्ट करायची. दोघं आणि सामान असेल तर स्प्रिंग आधीच अर्धी दबलेली असते, घट्ट केली नाही तर खड्ड्यात तळाला आपटते. शिवाय मागची बाजू बसली की पुढचा दिवा वर जातो, रस्ता अंधारात राहतो आणि समोरच्या ट्रकवाल्याचे आशीर्वाद मिळतात. कॅप्टन दोन्ही बाजू चौथ्या खाचेवर आणतो आणि दर वेळी बोटांची सालटं काढून घेतो. हवाही तो टायर थंड असतानाच मोजतो, मागच्या चाकात दोघांचा आकडा वेगळा असतो म्हणून पंपावरच्या पोराला तो दोनदा सांगतो, आणि मग स्वतःचा गेज लावून त्या पोराचा अपमानही करतो.

सर्वांत शेवटी भरायचा जिन्नस म्हणजे वहिनी. बारीक अक्षरातल्या त्या कागदावर त्यांचा उल्लेख ‘लाइव्ह लोड’ असा आहे. हे शास्त्रीय दृष्ट्या बिनचूक आहे. बॅग वळणावर आपल्या मनानं उलट्या बाजूला कलत नाही, माणूस कलतो. त्यामुळे वहिनींसाठी नियमावली आहे. कॅप्टन दोन्ही पाय टेकून, ब्रेक दाबून “हं” म्हणेल तेव्हाच चढायचं. डाव्या फूटरेस्टवर एकदम सगळा भार द्यायचा नाही. वळणावर आतल्या खांद्यावरून रस्ता बघायचा, म्हणजे अंग आपोआप बरोबर कलतं. ब्रेक लागला की मांड्यांनी तोल धरायचा, हेल्मेटवर हेल्मेट आपटायचं नाही. पाठीवर सॅक घेतली की वजन वर जातं आणि पाठ मोडते, म्हणून सॅक घ्यायची नाही. हा शेवटचा नियम कॅप्टनच्या पाठीपुरता आहे. सॅक वहिनींच्या पाठीवर असते. पुढे कॅप्टन, मागे बॅग, पाठीवर सॅक, हात धरायला जागा नाही. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, एक बरं आहे, झोप लागली तरी पडायला जागाच नाही.”

खांद्यावर टिचकी मारायची सांकेतिक भाषाही ठरलेली आहे. एक टिचकी म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे ताबडतोब थांब. प्रत्यक्षात वहिनी एकच खूण वापरतात, बरगडीत कोपर. ती कुठल्याही वेगाला कळते.

साडेपाचला निघायचं ठरलेलं असतं, सात वाजता चांदणी चौक. पिरंगुटला पहिला थांबा. नवीन भरलेलं सामान पहिल्या वीसेक किलोमीटरमध्ये बसतं आणि पट्टे ढिले पडतात, म्हणून ते पुन्हा आवळायचे असतात. तेवढ्यात चहा होतो. त्याच सुमारास एका शंभर सीसीच्या गाडीवरून नवरा, बायको, मधे एक मूल, टाकीवर दुसरं आणि हँडलला लटकवलेली कोंबडी असा संसार बाजूनं निघून जातो. मागे एकच माणूस बसवायचा, हे मोटार वाहन कायद्याचं १२८ वं कलम १९८८ पासून सांगतंय, आणि या दृश्याचं कौतुक करणाऱ्यांची मला चीड आहे. टाकीवरचं पोर काही तोल सांभाळायला बसवलेलं नसतं. पण कॅप्टनचं दुःख निराळंच. “बघ,” तो वहिनींना म्हणतो, “सगळं वजन मागच्या आसाच्या मागे!”

घाटात मात्र त्याला पाहावं. ताम्हिणीच्या उतारावर तो गाडी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर धरतो, पुढच्या एसटीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवतो, कारण दोनशे किलोच्या गाडीवर तेवढाच बोजा आहे आणि ती थांबायला जास्त रस्ता खाणार हे त्याला माहीत असतं. मागच्या चाकावर वजन आल्यानं मागचा ब्रेकही अशा वेळी चांगला धरतो, एकट्यानं जाताना तो नुसता सोबतीला असतो. एरवी कटकट वाटणारा माणूस इथे पाऊण तास गप्प असतो. वहिनी या गाडीवर का बसतात, याचं उत्तर बहुधा तेवढ्या पाऊण तासात असावं.

आता कॅप्टनचं सगळं शास्त्र जायच्या प्रवासाचं आहे. कोकणातून परत यायचं शास्त्र जगात कुणीच लिहिलेलं नाही. मागच्या मे महिन्यात दापोलीजवळ वहिनींच्या मावशीकडे दोन रात्री राहून हे निघाले तेव्हा पडवीत मांडामांड झालेली होती: आमसुलं, आगळाच्या दोन बाटल्या, फणसपोळी, काजू, डब्यात सोडे, असोले नारळ सहा, आणि एक फणस. कॅप्टननं फणसाला काटा लावला. साडेनऊ किलो.

“मावशी, नियमानं माझ्याकडे तीन किलो आहेत,” तो म्हणाला.

“कापा आहे रे,” मावशी म्हणाल्या. “बरका असता तर मीच दिला नसता, वाटेत फुटला असता.”

कॅप्टननं कागद काढला. १८० पासून सुरुवात केली, मावशी नातवाचा अभ्यास ऐकावा तशा ऐकत होत्या. तेवढ्या वेळात वहिनींनी पेट्रोलचा कॅन टाकीत रिकामा केला. कॅन, हत्यारांची पेटी आणि ट्रायपॉड असं सगळं एका गोणत्यात घालून एसटीच्या पार्सलला द्यायला मावशीच्या मुलाच्या हवाली केलं. फणस डाव्या बॅगेत, तळाला, पुढच्या अंगाला. समोर उजवीकडे सहाही नारळ, वर काजू. आगळ टाकीवरच्या बॅगेत, उभी, नजरेसमोर. फणसपोळी मागे वर. पट्ट्याला फणसाचे काटे लागत होते म्हणून त्यांनी वरून सुंभाचे दोन वेढे घेतले आणि टोक आत खोचलं. कॅप्टननं गाडी उभी धरून डावी-उजवीकडे हलवून पाहिली. पुन्हा हलवून पाहिली. बोलायला काही सापडेना.

“पण टोटल जास्तच होतंय,” तो शेवटी म्हणाला.

मावशींनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “हे अठ्ठ्याऐंशी कोण?”

“मी.”

मावशींनी त्याला आपादमस्तक पाहून घेतलं. “मग तू एसटीनं ये की. हिला गाडी येते.”

वहिनी हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. त्यांनी दोन्ही पाय टेकले, ब्रेक दाबला आणि म्हणाल्या, “हं.”