पाडी टाका, भाऊ

नंदुरबारच्या जुन्या गावात आमचं धाब्याचं घर आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, तेव्हा ते उभं होतं. १९९८ मध्ये धुळ्यातून फुटून आमचा वेगळा जिल्हा झाला, तेव्हाही उभं होतं. इतिहासात घराची कामगिरी एवढीच. आता त्यात एक अ‍ॅटॅच्ड बाथरूम हवं आहे, तर ते हटून बसलं आहे.

चौकटी वाकून आत यावं अशा बेताच्या. पूर्वजांना येणाऱ्याकडून नम्रता अपेक्षित होती. डबल डोअर फ्रिजला ती जमत नाही, म्हणून तो ओसरीवर राहतो आणि पाहुण्यांचं स्वागत करतो.

भिंती मातीच्या, दोन हात जाड. मे महिन्यातलं ऊन अडवतात, त्याच तत्परतेने वायफायही अडवतात. टीव्हीसाठी भोक पाडलं, तर प्लग मातीसकट हातात आला. मिस्तरीने उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा केला. आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही, म्हणून पावसाळ्यानंतर ती गिलावाच घेऊन बाहेर पडली. मिस्तरीने पडलेल्या पोपड्याकडे पाहिलं आणि निदान केलं, ‘भिंतच खराब शे.’

धाब्याचं वेगळंच. तुळया, कड्या, फळ्या आणि वर माती. दर पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती पसरून चोपावी लागते. ती माती कुठे मिळते हे आबांना माहीत आहे, आणि ती जागा आता एनए प्लॉट आहे. इंजिनिअर म्हणतात, स्लॅब टाकू. स्लॅबला कॉलम हवेत, कॉलमला जागा हवी, जागेसाठी भिंती काढाव्या लागतील. म्हणजे दुरुस्तीनंतर जुन्या घराचा पत्ता तेवढा शिल्लक राहील.

कर्जही मिळालं असतं. पण प्रॉपर्टी कार्डावर पणजोबांचे सगळे वारस नांदतात. कार्डावर तरी एकत्र कुटुंब आहे. सही मागितली की सुरतचे काका म्हणतात, ‘घर जपलं पाहिजे रे.’ सही मात्र दिवाळीला आल्यावर. कोणत्या दिवाळीला, ते विचारणं वाईट दिसतं.

शेवटी सगळ्यांचा सल्ला एकच: ‘पाडी टाका, भाऊ.’ जुन्या लाकडाचा व्यापारीही येऊन गेला. खांबांवर बोटं वाजवून म्हणाला, सातपुड्याचं सागवान आहे, असं आता मिळत नाही. पुण्याकडे फार्महाऊसवाले शोभेला उभे करतात, चांगला भाव देतात. आमच्याकडे तेच खांब वर धाब्याचं ओझंही उचलतात, त्यामुळे त्यांना भाव नाही.